क्रेडिट कार्ड बंद केल्यावर सिबिल स्कोअरचं काय होतं? खान्देशकरांसाठी धागा

तापीकाठ, भुसावळ

मंडळी, राम राम.

पेरणी तोंडावर आली की आपल्याकडे ट्रॅक्टर, ठिबक, पाइपलाइन, घरबांधणी असे कर्जाचे अर्ज एकदम निघतात, आणि बँकेत पहिला प्रश्न सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणाऱ्या स्कोअरचा येतो. मग एक जण सांगतो, ‘पडून असलेलं क्रेडिट कार्ड बंद करून टाक, सिबिल वर जाईल.’ दुसरा सांगतो, ‘हात लावू नको, बंद केलं की सिबिल पडतो.’ दोघांच्या बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, म्हणून गोंधळ जास्त होतो. हा धागा त्यासाठी काढतोय.

कार्ड बंद करणं ही काही चूक म्हणून नोंदली जात नाही. त्याबद्दल थेट गुण कापले जात नाहीत. स्कोअर हलतो तो दुसऱ्या वाटेने. कार्ड गेलं की त्याचं लिमिट जातं, आणि लिमिट गेलं की उरलेल्या कार्डांवरच्या बाकीचा टक्का वाढतो. एकूण लिमिटपैकी किती वापरात आहे, हा तो टक्का. तो ३० च्या आत ठेवावा असा प्रघात आहे, आणि जितका कमी तितकं चांगलं.

आकड्यांत बघा. समजा घरात एकाच नावावर तीन कार्डं आहेत: पहिलं ४०,००० लिमिटचं, दुसरं ६०,००० चं, तिसरं १,००,००० चं. एकूण लिमिट २,००,०००. तिन्ही मिळून बाकी ३६,०००. टक्का झाला १८.

तिसरं बंद केलं आणि महिन्याचा खर्च तेवढाच राहिला, तर ३६,००० भागिले १,००,००० म्हणजे ३६ टक्के. खर्च एका रुपयानेही वाढलेला नाही, पण कागदावर माणूस दुप्पट ताणलेला दिसतो. त्याऐवजी पहिलं बंद केलं तर ३६,००० भागिले १,६०,००० म्हणजे साडेबावीस टक्के. फारसा फरक नाही.

तेव्हा ‘बंद करू का?’ या प्रश्नाआधी ‘कोणतं बंद करू, आणि बंद केल्यावर टक्का किती होईल?’ हे कागदावर मांडा. दोन मिनिटांचं काम आहे.

---

पांझरा, धुळे

तापीकाठ भाऊ, मांडणी बरोबर आहे. दोन गोष्टींची भर घालते.

एक, बाकी शून्य असेल तर लिमिट कितीही कमी झालं तरी टक्का शून्यच राहतो. ज्यांच्या कार्डावर मुळात खर्चच होत नाही, त्यांना या वाटेने जवळजवळ काही होत नाही. टक्क्याची भीती आहे ती दर महिन्याला कार्ड घासणाऱ्याला.

दोन, ‘मी तर दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, माझी बाकी शून्यच’ असं बरेच जण समजतात. ते तसं नसतं. बँक तुमच्या ड्यू डेटची, म्हणजे बिल भरायच्या शेवटच्या तारखेची वाट बघत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जानेवारी २०२५ पासून बँकांना दर पंधरवड्याला, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची माहिती क्रेडिट माहिती कंपन्यांना (सिबिलसारख्या, कर्जाच्या नोंदी ठेवून अहवाल आणि स्कोअर देणाऱ्या) द्यावी लागते. त्या दिवशी कार्डावर जी रक्कम उभी असेल ती अहवालात ‘चालू बाकी’ म्हणून जाते, मग तुम्ही चार दिवसांनी सगळी भरली तरी.

म्हणून कर्जाचा अर्ज करायचा असेल त्या दोन-तीन महिन्यांत १२-१३ तारखेला आणि २७-२८ तारखेला कार्डावरची रक्कम भरून टाकायची, बिल यायची वाट न बघता. टक्का आपोआप खाली दिसतो. हे केलं तर कार्ड बंद केल्याचा धक्काही फारसा जाणवत नाही.

---

केळीबाग_रावेर

एक शंका. आमच्याकडे शेतकऱ्याला ‘क्रेडिट कार्ड’ म्हटलं की किसान क्रेडिट कार्डच आठवतं. तेही बंद केलं तर असंच होतं का? आणि सोसायटीचं कर्ज यात धरतात का?

---

वाघूर, जामनेर

केळीबाग आप्पा, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण दोन्हींच्या नावात ‘क्रेडिट कार्ड’ आहे, बाकी सारखेपणा फारसा नाही.

किसान क्रेडिट कार्ड हे शेतीसाठीचं खेळतं कर्ज आहे. अहवालात ते साधं क्रेडिट कार्ड म्हणून नाही, वेगळ्या प्रकारात दिसतं. पिकाचं चक्र, मुदतीत परतफेड आणि नूतनीकरण हे त्यात बघितलं जातं. ३ लाखांपर्यंत ७ टक्के दर आणि वेळेत भरल्यास ३ टक्क्यांची सवलत ही केंद्राची योजना त्याला आहे. त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. हे खातं केवळ ‘सिबिल सुधारावा’ म्हणून बंद करणं म्हणजे स्वस्त पैशाचं दार स्वतः लावून घेणं. थकीत असेल तर भरा आणि नवं-जुनं करून घ्या, बंद करू नका.

खरंच बंद करायचं असेल (जमीन विकली, शेती मुलाच्या नावावर केली) तर नो ड्यूज (काही देणं उरलं नसल्याच्या) दाखल्यासोबत बोजा कमी करण्याचं पत्रही बँकेकडून घ्या. ते तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर देऊन सातबाऱ्यावरचा बोजा उतरवा. बँकेत खातं बंद आणि सातबाऱ्यावर बोजा तसाच, असे उतारे पुढच्या कर्जाला हमखास अडतात.

विकासोचं, म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचं कर्ज किंवा पतसंस्थेचं कर्ज अहवालात दिसतंच असं नाही. बँका आणि बिगर-बँक वित्त कंपन्या माहिती देतात, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या. त्यामुळे ‘पतसंस्थेचं कर्ज दहा वर्षं वेळेत फेडलं, माझा इतिहास मजबूत आहे’ असं धरून एकुलतं एक क्रेडिट कार्ड बंद करू नका. अहवाल काढून आधी बघा की त्यात नेमकं काय काय आहे. पीककर्जाला सिबिलची अट घालू नका असं राज्य सरकार बँकांना सांगत आलं आहे, पण ट्रॅक्टर, वाहन आणि घराच्या कर्जाला स्कोअर बघतातच.

---

सातपुडा४२५, शहादा

‘जुनं कार्ड बंद केलं की इतिहास पुसला जातो’ हा समज काढायला हवा.

पुसला जात नाही. बंद झालेलं खातं ‘बंद’ अशा शेऱ्यासह आणि बंद झाल्याच्या तारखेसह अहवालात राहतं. क्रेडिट माहिती कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं जपायची असते. सिबिलच्या अहवालात प्रत्येक खात्यासमोर ३६ महिन्यांचा परतफेडीचा तक्ता असतो. दर महिन्याखाली किती दिवस उशीर झाला तो आकडा. ‘०००’ म्हणजे वेळेत. कार्ड बंद केल्यावर हा तक्ता तिथेच थांबतो. चांगला असेल तर चांगला दिसत राहतो, आणि उशीर झालेला असेल तर तोही दिसतो. ‘डाग आहे म्हणून कार्डच बंद करतो’ याचा उपयोग नाही. डाग जात नाही, उलट त्याच कार्डावर पुढे वेळेत भरून तो मागे ढकलायची सोय जाते.

फरक पडतो तो पुढच्या काळात. चालू कार्ड दर महिन्याला एक ‘०००’ जोडत जातं, बंद कार्ड जोडत नाही. तुमचं १२ वर्षांचं एक कार्ड आणि दीड वर्षाचं दुसरं असेल आणि जुनं बंद केलं, तर यापुढे चालू असलेलं सगळ्यात जुनं खातं दीड वर्षाचं. आज धक्का बसला नाही तरी पाया कोवळा झाला. एकच कार्ड असेल आणि दुसरं कोणतंही कर्ज नसेल तर हे जास्त लागू होतं: काही काळाने अहवालात चालू असं काहीच उरत नाही आणि कर्ज देणाऱ्याला अंदाज बांधायला ताजी नोंद मिळत नाही.

इंटरनेटवरच्या व्हिडिओंत ‘पेमेंट ३५ टक्के, वापर ३० टक्के’ असे आकडे देतात, ‘बंद खातं दहा वर्षं राहतं’ असंही सांगतात. ते अमेरिकेतल्या फायको स्कोअरचे आणि तिथल्या पद्धतीचे. आपल्याकडे सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि प्रत्येकीचं सूत्र वेगळं. त्यामुळे ‘कार्ड बंद केलं की अमुक गुण जातात’ असा आकडा कुणी सांगत असेल तर तो मनाचा आहे.

---

आखाजी, अमळनेर

वर्षाला ९९९ रुपये फी लागणारं कार्ड आहे, वापर काही नाही. बंद करायचं ठरलं तर नेमकं कुठून सुरुवात करावी? क्रमाने सांगाल का कुणी?

---

तापीकाठ, भुसावळ

आखाजीताई, बंद करण्याच्या दिवसापेक्षा आधीच्या दोन आठवड्यांतलं काम जास्त आहे. क्रमाने सांगतो.

पहिल्यांदा कार्डावर कोणकोणते पैसे आपोआप कटतात ते शोधा. मागची बारा स्टेटमेंट उघडा. एक-दोन बघून चालत नाही, कारण विम्याचा हप्ता वर्षातून एकदाच जातो. वीजबिल, मोबाइल, ओटीटी, फास्टॅगचं आपोआप रिचार्ज, विमा, सगळं दुसऱ्या कार्डावर किंवा बँक खात्यावर वळवा. कार्ड रुपेचं असेल आणि यूपीआयला जोडलेलं असेल तर यूपीआय ॲपमधून ते काढा, ऑटोपे तिथे वेगळं लावलं असेल तर तेही रद्द करा.

मग रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका. कार्ड बंद झालं की साधारणपणे ते बुडतात.

कुठे माल परत केला असेल तर त्याचा परतावा जमा होईपर्यंत थांबा. बंद कार्डावर आलेला परतावा मिळतो, पण त्यामागे फिरावं लागतं.

नंतर वापर पूर्ण थांबवा. ॲपमध्ये ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार बंद करायची सोय असते, ती वापरा. एक पूर्ण बिलचक्र असंच कोरडं जाऊ द्या. म्हणजे मागे राहिलेला एखादा चार्ज असेल तर तो त्या बिलात उघडा पडतो.

मग बँकेला विचारा, ‘आजच्या तारखेला खातं बंद करायचं तर एकूण किती भरायचे?’ स्टेटमेंटवरची रक्कम भरून थांबू नका. उत्तर ईमेलवर किंवा ॲपच्या चॅटमध्ये घ्या, तोंडी नको. तेवढी रक्कम भरा.

यानंतर बंद करण्याची विनंती. हेल्पलाइन, ईमेल, वेबसाइटवरची लिंक, नेट बँकिंग, मोबाइल ॲप, यातलं काहीही चालतं. विनंतीचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, स्क्रीनशॉट घ्या. फोनवर केली असेल तर लगेच त्याच दिवशी ईमेलही टाका. पुढे दिवस मोजायची वेळ आली तर ती तारीख कामी येते.

बंद झाल्याचा संदेश आल्यावर नो ड्यूज पत्र मागा. कार्ड चिपमधून आणि चुंबकीय पट्टीतून आडवं कापा. बँक खात्यावरून बिल आपोआप भरलं जात असेल तर तो आदेश सगळ्यात शेवटी रद्द करा, आधी नाही.

फीचं: नुकतीच लागली असेल तर बंद करण्याआधी ती माघारी घ्यायला सांगा. बऱ्याच वेळा घेतात. नाही घेतली तर भरा आणि मग बंद करा. ‘मी वापरलंच नाही, मग फी कशाला भरू’ म्हणून सोडून दिलेली फी पुढे थकबाकी म्हणून चढते.

---

वाघूर, जामनेर

‘स्टेटमेंटवरची रक्कम भरून थांबू नका’ हे तापीकाठ भाऊंचं वाक्य ठळक करून ठेवा. का ते आकड्याने सांगतो.

जो माणूस बिल पूर्ण न भरता मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) भरत आला आहे, त्याच्या बाकीवर रोज व्याज चढतं. स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज त्या स्टेटमेंटमध्ये नसतं, ते पुढच्यात येतं. समजा बाकी ४०,०००, दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. दिवसाला साधारण ४६ रुपये. स्टेटमेंटनंतर १८ व्या दिवशी पूर्ण ४०,००० भरले तरी मधल्या १८ दिवसांचे ८२८ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून सुमारे ९७८ रुपये पुढच्या बिलात उगवतात. माणसाने कार्ड कापून टाकलेलं असतं, बिलाचा ईमेल उघडत नाही, मोबाइल नंबर बदललेला असतो. मग त्या ९७८ वर लेट फी, त्यावर जीएसटी, आणि अहवालात ३०, ६०, ९० दिवसांचा उशीर.

९७८ रुपये थकले काय आणि ९७ हजार थकले काय, तक्त्यात ‘९०’ हा आकडा सारखाच उमटतो. कार्ड बंद करताना स्कोअरचं खरं नुकसान इथे होतं. लिमिट कमी झाल्याने पडलेला स्कोअर बाकी भरली की दोन-तीन महिन्यांत वर येतो. उशिराचा आकडा मात्र तक्त्यात ३६ महिने बसून राहतो.

एक दिलासा: बिल तीन दिवसांपेक्षा जास्त काळ थकल्याशिवाय बँकेला ते थकीत म्हणून कळवता येत नाही आणि लेट फीही लावता येत नाही. पण त्या तीन दिवसांच्या भरवशावर राहू नये.

---

पांझरा, धुळे

काही प्रकार वेगळे आहेत, ते एकेक करून.

कार्डावर हप्ते चालू असतील (मोबाइल, फ्रिज, किंवा मोठं बिल हप्त्यांत पाडलेलं) तर कार्ड बंद करताना उरलेलं मुद्दल एकदम भरावं लागतं, वर मुदतपूर्व शुल्क आणि त्यावर जीएसटी. चार-पाच हप्तेच उरले असतील तर ते संपू द्या, मग बंद करा.

पुरवणी कार्डं, म्हणजे नवरा-बायको किंवा मुलाला दिलेली, मूळ कार्डाबरोबरच बंद होतात. त्यांचा खर्चही मूळ धारकाच्याच नावावर नोंदलेला असतो. उलट नुसतं पुरवणी कार्ड बंद केलं तर मूळ धारकाच्या लिमिटला धक्का लागत नाही.

एकाच बँकेची दोन कार्डं असतील तर दोन्हींचं लिमिट सामाईक आहे का ते ॲपमध्ये बघा. सामाईक असेल तर एक बंद केल्यावर वापरता येणारं लिमिट तेवढंच राहतं.

मुदत ठेवीवर घेतलेलं कार्ड: आयटी रिटर्न नसलेले दुकानदार, भाजीपाल्याचे व्यापारी, गृहिणी यांच्याकडे बहुतेक हेच असतं. कार्ड बंद झालं तरी ठेवीवरचा लिअन (बँकेचा ताबा) निघालाय का ते वेगळं तपासा. निघाला नसेल तर शाखेत लेखी अर्ज द्या. स्कोअरच्या दृष्टीने हे कार्ड इतर कार्डांसारखंच मोजलं जातं, म्हणून नवं साधं कार्ड मिळून त्यावर वर्षभराचा इतिहास होईपर्यंत हे मोडू नका.

आणि चालूच न केलेलं कार्ड. घरी आलं, पाकिटात पडलं. ३० दिवसांत चालू केलं नाही तर बँकेने ओटीपीवर संमती मागायची असते, संमती नाही दिली तर सात कामकाजाच्या दिवसांत विनाखर्च बंद करायचं असतं. चालू होण्याआधी त्या कार्डाची माहिती क्रेडिट कंपन्यांना द्यायचीही नसते. तेव्हा नको असलेल्या कार्डाचा ओटीपी ‘बंद करण्यासाठी’ म्हणून कुणाला सांगू नका. तोच ओटीपी ते चालू करतो.

---

आखाजी, अमळनेर

विनंती टाकली आणि बँक ‘आमचा अधिकारी फोन करेल’ म्हणत राहिली तर?

---

सातपुडा४२५, शहादा

तो फोन बहुतेक वेळा कार्ड ठेवायला लावण्यासाठी असतो. ‘फी माफ करतो, लिमिट वाढवतो’ असं म्हणतात. खरंच कायमची फी माफ करत असतील तर विचार करायला हरकत नाही, मात्र ते लेखी घ्या. नको असेल तर एकच वाक्य: ‘विनंती मागे घेत नाही, दिवस मोजतोय.’

रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम असा: बाकी शून्य असेल तर विनंती आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं. पोस्टाने अर्ज पाठवा असा आग्रह धरायचा नाही. सात दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. हे भरपाईचे दिवस कॅलेंडरचे, रविवारसुद्धा धरून.

आधीचे सात कामकाजाचे दिवस मोजायचे कसे? सोमवारी विनंती दिली तर मंगळवारपासून मोजा. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि, मग सोम, मंगळ: पुढच्या मंगळवारी सात झाले. मधला शनिवार दुसरा किंवा चौथा असेल तर बुधवारी. त्यानंतर बारा दिवस लावले तर ६,००० रुपये. बँक स्वतःहून फारशी देत नाही, मागावे लागतात. मात्र खात्यावर दोन रुपयेही बाकी असेल तर हा हक्क लागू होत नाही. पुन्हा तेच, आजच्या तारखेची रक्कम विचारून भरणं.

क्रम असा ठेवा: कस्टमर केअर, मग बँकेच्या वेबसाइटवर दिलेला तक्रार निवारण किंवा नोडल अधिकारी, आणि पहिल्या लेखी तक्रारीनंतर ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. त्याला वकील लागत नाही, फी नाही, तक्रार ऑनलाइन करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

जास्तीचे पैसे भरले गेले असतील तर ते बँकेने तुमच्या बचत खात्यात वळते करायचे असतात. खातं दुसऱ्या बँकेत असेल तर तपशील मागून घ्यायचा असतो.

---

पांझरा, धुळे

बंद झाल्याचा संदेश आला म्हणजे काम संपलं असं नाही. दीड महिन्याने अहवाल काढून बघायचा.

चारही कंपन्यांकडून प्रत्येकी एक पूर्ण अहवाल स्कोअरसह वर्षाला फुकट मिळतो. म्हणजे नीट वाटून घेतलं तर दर तीन महिन्यांनी एक. स्वतःचा अहवाल स्वतः काढल्याने स्कोअर कमी होत नाही. कर्ज देणारा चौकशी करतो ती नोंद वेगळी.

त्या कार्डाच्या रकान्यात चार गोष्टी बघा: शेरा ‘बंद’, बंद झाल्याची तारीख भरलेली, चालू बाकी शून्य, थकीत रक्कम शून्य. एकही चुकली असेल तर त्या कंपनीच्या साइटवर त्या खात्यापुरती हरकत नोंदवा आणि नो ड्यूज पत्र जवळ ठेवा. क्रेडिट कंपनी स्वतःच्या मनाने काही बदलत नाही, बँकेला विचारते. म्हणून बँकेलाही त्याच दिवशी ईमेल करा. बँकेला २१ दिवस, सगळं मिळून ३० दिवस. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

नेहमी दिसणारी चूक: कार्ड हरवलं किंवा बदलून आलं, नंबर बदलला, आणि अहवालात जुना नंबर ‘चालू’ म्हणून तसाच राहिला. एकाच कार्डाच्या दोन ओळी. बंद करताना नवीन नंबर बंद होतो, जुनी ओळ उभीच. हरकतीत ‘हे खातं दुहेरी दाखवलं आहे’ असं स्पष्ट लिहा आणि दोन्ही ओळी नमूद करा.

---

केळीबाग_रावेर

वसुलीवाले म्हणतात, ‘६० हजारांतले ३५ भरा, कार्ड बंद करून टाकतो.’ हेही बंदच झालं ना?

---

वाघूर, जामनेर

नाही आप्पा. ही तडजोड. अहवालात ‘बंद’ नाही, ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो, म्हणजे बँकेने उरलेले पैसे सोडून दिले. पुढचा कर्ज देणारा तो शेरा थकबाकीच्या जवळचाच मानतो. ट्रॅक्टर किंवा घराच्या कर्जाला तो बराच काळ आडवा येतो.

अगदीच भरणं शक्य नसेल तर तडजोड हा शेवटचा मार्ग आहे, आणि तीही बँकेच्या लेटरहेडवर आधी लेखी घेऊनच. पैसे कार्डाच्या खात्यातच भरायचे, वसुली एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. जमत असेल तर त्याऐवजी बाकीचे कमी व्याजाचे हप्ते पाडून मागा आणि पूर्ण भरा. आधी ‘सेटल्ड’ लागला असेल तर सोडलेली रक्कम नंतर भरून बँकेकडून पूर्ण भरल्याचं पत्र आणि शेऱ्यात दुरुस्ती मागता येते.

आणखी एक: जळगाव-धुळ्याच्या भिंतींवर ‘सिबिल दुरुस्त करून मिळेल’ असे फलक दिसतात. वर पांझराताईंनी सांगितलेली हरकत फुकट नोंदवायची असते, तेच काम हे लोक पैसे घेऊन करतात. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही. ‘कार्ड बंद करायचंय ना, ओटीपी सांगा’ असा फोन आला आणि पैसे गेले तर लगेच १९३० वर कळवा आणि बँकेकडून कार्ड ब्लॉक करून घ्या. ब्लॉक म्हणजे बंद नव्हे, बंद करण्याची विनंती नंतर वेगळी द्यावी लागते.

---

आखाजी, अमळनेर

आणि नुसतं पडून राहू दिलं तर?

---

तापीकाठ, भुसावळ

वर्षभर वापर नसेल तर बँक कळवून बंद करण्याची प्रक्रिया सुरू करते. ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर बंद होतं आणि पुढच्या ३० दिवसांत क्रेडिट कंपन्यांना कळवलं जातं. परिणाम तोच, फक्त वेळ तुम्ही निवडलेली नसते. नेमका घरकर्जाच्या अर्जाच्या महिन्यात लाखाचं लिमिट गेलं तर पंचाईत.

फी नसलेलं जुनं कार्ड ठेवायचं असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा मोबाइल रिचार्ज त्यावर करा आणि बिल आपोआप पूर्ण भरलं जाईल असं लावा. फी असलेलं जुनं कार्ड असेल तर बंद करण्याआधी ‘फी नसलेल्या प्रकारात बदलून द्या’ असं मागा. खातं तेच ठेवून कार्डाचा प्रकार बदलत असतील तर जुनी तारीख टिकते. मात्र ‘हे बंद करून नवीन देतो’ म्हणाले तर ते नवं खातं, नवी चौकशी. त्यात फायदा नाही.

तुमच्या ९९९ च्या कार्डापुरतं सांगायचं तर, ताई, एवढंच बघा: दुसरं कार्ड आहे का, ते किती जुनं आहे, आणि येत्या सहा महिन्यांत कुठलं कर्ज काढायचंय का. दुसरं कार्ड तीन-चार वर्षांचं असेल, बाकीचा टक्का ३० च्या आत राहत असेल आणि कर्ज डोळ्यासमोर नसेल तर बिनधास्त बंद करा. दरवर्षी फी आणि जीएसटी मिळून ११७९ रुपये फक्त स्कोअरसाठी भरण्यात अर्थ नाही. कर्ज काढायचं असेल तर आधी कर्ज मंजूर होऊन पैसे हातात येऊ द्या, मग पुढच्या फीच्या तारखेच्या महिनाभर आधी विनंती टाका. फीची तारीख माहीत नसेल तर मागच्या वर्षी ज्या महिन्याच्या स्टेटमेंटला फी लागली तोच महिना यंदाचा.

---

आखाजी, अमळनेर

दुसरं कार्ड पाच वर्षांचं आहे, टक्का १२ येतोय. कर्ज नाही काढायचं. फी भाद्रपदात लागते, म्हणजे श्रावणात विनंती टाकते. बारा स्टेटमेंट आजच उघडते.

---

पांझरा, धुळे

स्टेटमेंट पीडीएफ आत्ताच डाउनलोड करून ठेवा, ताई. कार्ड बंद झालं की ॲपमधून ते खातंच दिसेनासं होतं, आणि हरकत नोंदवायची वेळ आली तर शेवटची दोन स्टेटमेंट हाताशी लागतात.